मिठाला पाणी सुटलं

पहिल्यांदा झालं तेव्हा मी ‘कातळशिल्प’ हा शब्द टाइप करत होते. ‘कातळ’ उमटलं आणि पुढची अक्षरं आलीच नाहीत. कर्सर लुकलुकायचा थांबला. कोपऱ्यातलं घड्याळ ७ वाजून ५२ मिनिटांवर थबकलं. माउस हलवला, एस्केप दाबलं, कंट्रोल-आल्ट-डिलीट दाबलं. काही नाही. आत पंखा मात्र घुमत होता. मग कुणी हातही लावलेला नसताना स्क्रीन काळी झाली आणि लॅपटॉप आपला आपण पुन्हा सुरू व्हायला लागला. कशेळीच्या सड्यावर खोदलेल्या हत्तीबद्दलचं दीड पान त्याबरोबर गेलं.

सप्टेंबर २०२२. गणपती जाऊन दोन आठवडे झाले होते, नवरात्र बसायचं होतं. आमचं घर पावसच्या पुढे, पूर्णगडच्या रस्त्याला आहे. घरातून समुद्र दिसत नाही, पण रात्री सगळं निजलं की ऐकू येतो. मी पुण्याहून इथे आले ती २०२० च्या टाळेबंदीत, आणि राहिले ती आईसाठी. वडील गेल्यापासून ती एवढ्या घरात एकटी होती. अनुवाद आणि मुद्रितशोधन ही माझी कामं, ती कुठूनही होतात असं मी सगळ्यांना सांगून बसले होते. पुण्याहून फोन आला की कामाचं बोलण्याआधी हमखास विचारणा व्हायची, “तिकडे लाईट, नेट वगैरे असतं ना नीट?” मी “असतं” म्हणायचे, आणि ते खरंही होतं. त्या ‘असतं’वर माझं इथलं राहणं उभं होतं. म्हणून लॅपटॉप हँग होऊ लागला तेव्हा मला यंत्राची काळजी कमी आणि घराची जास्त वाटली.

आणि तो रोज हँग होत नव्हता. रोज झाला असता तर बरं, उचलून रत्नागिरीला नेला असता, दाखवला असता, हा बघा असा होतो. याचं तसं नव्हतं. तीन दिवस सुरळीत चालायचा, चौथ्या दिवशी सकाळी दोनदा रिस्टार्ट मारायचा, मग आठवडाभर गप्प. कुणाला सांगावं तर सांगताना आपलंच बोलणं आपल्याला पटेना. बिघाडाला काही वेळ-काळ नाही, निमित्त नाही, ‘असंच, मधूनच’. हा ‘मधूनच’ शब्द मी पुढचे आठ महिने इतक्या वेळा वापरला, की तोच आजाराचं नाव होऊन बसला.

सल्ले खूप मिळाले. चुलतभाऊ म्हणाला, “फॉरमॅट मार.” शेजारचे काका म्हणाले, लाईट कमी-जास्त होते त्याने. लाईट कमी-जास्त होते हे खरंच आहे, पावसाळ्यात बल्ब कधी पिवळट होतो, कधी डोळ्यांवर येतो. पण लॅपटॉपच्या पोटात बॅटरी असते, त्यामुळे असला झटका सहसा आतपर्यंत जात नाही. तरी मी दोन दिवस चार्जर काढून नुसत्या बॅटरीवर काम केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी हँग. विंडोजकडून बॅटरीचा अहवाल काढला, तर नवी असताना जेवढी वीज ती साठवायची त्याच्या पाऊण भाग अजून साठवत होती. तीन वर्षांच्या बॅटरीला एवढं चालायचंच. काकांची शंका मी बाजूला ठेवली.

मग इव्हेंट व्ह्यूअर उघडला. यंत्र आपल्या आयुष्यातल्या बारीकसारीक घटना त्यात लिहीत असतं. तिथे लाल खुणेची नोंद होती: कर्नेल-पॉवर ४१. मला वाटलं, सापडलं! दिवसभर त्या आकड्याचा अर्थ शोधत बसले, आणि संध्याकाळी लक्षात आलं की ती नोंद एवढंच सांगते, आधीच्या वेळी यंत्र रीतसर बंद झालं नव्हतं. घराचं दार सताड उघडं आहे हे सांगितल्यासारखं. कोण गेलं, का गेलं, याबद्दल एक अक्षर नाही. ४१ दिसलं की लोक लगेच पॉवर सप्लायवर संशय घेतात. तसं असूही शकतं, पण त्या नोंदीच्या आधारावर कुणी नवा चार्जर किंवा बॅटरी घेऊ नये, एवढं मी कळकळीने सांगेन.

एक गोष्ट मात्र तेव्हा केली ती उपयोगी पडली. विंडोज कोसळली की निळा पडदा येतो आणि त्यावर कारणाचं नाव असतं. पण ‘आपोआप रिस्टार्ट कर’ ही सेटिंग मुळातच चालू असते, त्यामुळे तो पडदा वाचायच्या आत निघून जातो. सिस्टमच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमधली ती खूण मी काढून टाकली. त्यानंतर एकदा पडद्यावर ‘मेमरी मॅनेजमेंट’ आलं. आठवड्याने ‘पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया’. तिसऱ्यांदा काहीच नाही, नुसता गोठला तो गोठला. मला तेव्हा वाटलं, दर वेळी कारण वेगळं, म्हणजे मी कुठेच पोचत नाहीये. खरं तर तोच धागा होता. एखादा प्रोग्राम किंवा ड्रायव्हर बिघडला असेल तर तो बहुधा पुन्हा पुन्हा त्याच जागी ठेचकाळतो. कारणं अशी भरकटत असतील तर सॉफ्टवेअरच्या खाली, यंत्राची तात्पुरती आठवण जिच्यात असते त्या रॅमच्या पट्टीवर, चिपवर, जोडावर बघावं. हे मला उशिरा कळलं.

नोव्हेंबरात मी लॅपटॉप एका मोठ्या शहरातल्या दुरुस्ती केंद्रात दिला. अकरा दिवस तो तिथे होता. सोबत मी दोन पानी पत्र लिहून दिलं होतं, केव्हा काय झालं, पडद्यावर काय आलं. परत आला तेव्हा कागदावर होतं: दोष आढळला नाही. विंडोज नव्याने टाकली होती आणि तिचे ३२०० रुपये लावले होते. माझं पत्र घडी न उलगडता पिशवीत तसंच होतं.

पण लॅपटॉप चालला! डिसेंबर गेला, जानेवारी गेला. आंब्याला मोहोर आला, फेब्रुवारीत कणी धरली, आणि लॅपटॉप एकदाही थांबला नाही. कातळशिल्पांचं पुस्तक मी संपवलं. चुलतभावाला सांगितलं, तुझंच बरोबर होतं. न वाचलेल्या पत्राचा रागही निवला.

एप्रिलच्या मध्यावर एका सकाळी कर्सर पुन्हा थांबला.

त्या दिवशी मी बराच वेळ ओटीवर नुसती बसून होते. बरं झालेलं दुखणं उलटतं तेव्हा ते पहिल्यापेक्षा जास्त लागतं. आणि आता जुन्या नोंदीही हाताशी नव्हत्या. फॉरमॅट मारल्याबरोबर सप्टेंबर ते नोव्हेंबरचा सगळा इतिहास पुसला गेला होता. फॉरमॅटचा हा तोटा कुणी बोलत नाही.

या वेळी मी उन्हाळ्याला धरलं. ओटीवर दुपारी ३४ अंश, लॅपटॉप तापत असणारच. जाळीतली धूळ काढली, आतलं तापमान दाखवणारा प्रोग्राम टाकला आणि नजर ठेवली. प्रोसेसर ९५-१०० अंशांच्या आसपास गेला की आधी स्वतःचा वेग कमी करतो, त्याही पुढे गेला तर जीव वाचवायला बंद होतो. माझा लॅपटॉप हँग झाला तेव्हा आकडा होता ४६. डिस्कची प्रकृती तपासली, ठणठणीत. रॅमवर संशय होता, म्हणून पेन ड्राइव्हवरून ती तपासणारं मेमटेस्ट लावलं. रात्री दहाला सुरू केलं ते पहाटेपर्यंत चार फेऱ्या झाल्या. चूक शून्य.

सकाळी चहा घेताना मी आईला म्हटलं, “काही सापडत नाही. सगळं चांगलं आहे म्हणे.”

आई म्हणाली, “माझा पण सगळा चांगलाच होता.”

तिचं माहेर सिंधुदुर्गातल्या शिरोड्याचं. पन्नास वर्षं इकडे काढली तरी घरात बोलताना मध्येच तिकडची बोली येते. ती म्हणत होती ते २०२१ सालचं. तिच्या छातीत मधूनच धडधडायचं. डॉक्टरांकडे जाऊन ईसीजी काढावा तर रेघ नॉर्मल, काही नाही. तीनदा असं झाल्यावर डॉक्टरांनी होल्टर लावलं. छातीवर चिकटवलेल्या तारा, कमरेला छोटी डबी, चोवीस तास. आणि एक कागद दिला: धडधडलं की वेळ लिहा, तेव्हा काय करत होतात ते लिहा. आईने विहिरीवरचा जिना, पूजा, झोप, सगळं टिपलं. डबीतली रेघ आणि आईचा कागद शेजारी ठेवल्यावर डॉक्टरांना पाच मिनिटांत समजलं. गोळी सुरू झाली, धडधड थांबली.

“तू पण लिहून ठेव,” आई म्हणाली. “मशीनच्या भरवशावर नको. वेळ लिही, आणि तू काय करत होतीस ता पण लिही.”

मी शाळकरी वही घेतली. तीन आठवड्यांत अकरा नोंदी झाल्या. त्या नुसत्या वर-खाली वाचल्या तेव्हाच अंगावर काटा आला. अकरापैकी नऊ वेळा लॅपटॉप सुरू केल्यापासून अर्ध्या तासाच्या आत हँग झाला होता, तोही बहुतेक सकाळी. संध्याकाळी सलग चार तास काम केलं तेव्हा एकदाही नाही. तापल्याने होत असतं तर उलटं दिसलं असतं, आधी बरा आणि मग बिघाड. हा तर थंड असताना बिघडत होता आणि तापला की सुधारत होता. म्हणजे ‘मधूनच’ला वेळ-काळ होता. मी तो कधी मांडून पाहिला नव्हता, एवढंच.

पण रोज सकाळी का नाही?

विंडोजमध्ये रिलायबिलिटी मॉनिटर नावाचा एक तक्ता आहे. दिवसागणिक एक रकाना, जिथे यंत्र कोसळलं त्या दिवशी लाल फुली, वर प्रकृतीची एक ते दहामधली रेघ. फार कमी लोक तो उघडतात, आणि मला तो विंडोजमधला सगळ्यात प्रामाणिक भाग वाटतो, कारण तो निदान करायला जात नाही, फक्त तारखा सांभाळतो. मेच्या दुसऱ्या आठवड्यात मी तो उघडून बसले होते. सकाळीच एकदा हँग होऊन झालं होतं. स्वयंपाकघरात आईची आगोटची, म्हणजे पावसाळ्याआधीच्या बेगमीची कामं चालली होती. कैऱ्या फोडून ठेवलेल्या, लोणच्याचं मीठ काढायला तिने बरणीचं झाकण उघडलं आणि तिथूनच हाक मारली:

“मिठाक पाणी सुटला गो! आता ह्या भाजूक व्हया.”

भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन दोरीने बांधलेलं असतं. आई त्या दिवशीच्या चौकोनात काहीतरी लिहायला गेली. मी सहज बघितलं, आणि उठून जवळ गेले.

आमच्या कॅलेंडरवर दूध असतं, गॅसची तारीख असते, लाईट किती वाजता गेली आणि आली ते असतं, गाय पाड्याला कधी दाखवली ते असतं. आणि अधूनमधून एक शब्द असतो: ‘मीठ’. इतकी वर्षं मला वाटायचं, मीठ आणलं असेल त्या दिवशी. पण महिन्यात सात वेळा मीठ कोण आणतं?

आईचे वडील शिरोड्याच्या मिठागरावर कामाला होते. १९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला तेच हे शिरोडं. आगरावरचा हंगाम म्हणजे पाऊस थांबल्यापासून पाऊस येईपर्यंत. वाफ्यांत समुद्राचं पाणी घ्यायचं, उन्हाने आटवायचं, मीठ ओढून ढीग घालायचे. आजोबा सकाळी उठून आधी ढिगाच्या पायथ्याला हात लावायचे. पायथा ओला लागला की हवा बदलली, झापं आणून शाकारायची घाई. आईने तो हात घरातल्या बरणीत आणला. मीठ पाणावलं की त्या दिवशी ती पापड लाटत नाही, आंब्याची साठं उन्हात घालत नाही, गादी बाहेर काढत नाही. आणि आजोबांची सवय म्हणून कॅलेंडरवर लिहून ठेवते.

मी कॅलेंडर भिंतीवरून काढलं आणि लॅपटॉपशेजारी ठेवलं. एप्रिलच्या मध्यापासून तक्त्यात अकरा दिवसांवर लाल फुल्या. त्यातल्या आठ फुल्या ‘मीठ’ लिहिलेल्या दिवशी. एक त्याच्या दुसऱ्या दिवशी. दोन जुळत नव्हत्या, आणि एका ‘मीठ’वाल्या दिवशी लॅपटॉप उघडलाच नव्हता. सगळं जुळलं असतं तर मी कदाचित विश्वास ठेवला नसता.

आई लोखंडी तव्यावर मीठ भाजत होती. तडतड आवाज येत होता. मी तिला कॅलेंडर दाखवलं. तिला विशेष काही वाटलं नाही. “खारा वारा सगळ्यांतच शिरता,” एवढंच म्हणाली.

त्यानंतर जे वाचलं त्याने आईच्या वाक्यामागचा हिशोब कळला. शुद्ध मीठ हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या खाली असेल तोवर कोरडं राहतं. त्या रेषेच्या वर गेली की ते हवेतलं पाणी ओढून घेतं आणि स्वतः त्यात विरघळतं. समुद्राच्या मिठात थोडं मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, ते तर याहून कितीतरी कमी दमटपणात पाणी धरायला लागतं, म्हणून खडेमीठ आधी पाणावतं. किनाऱ्यावर लाटा फुटतात तेव्हा बारीक तुषार उडतात, पाणी वाळतं आणि मिठाचे डोळ्यांना न दिसणारे कण वाऱ्याबरोबर आत येतात. मे २०२१ च्या तौक्ते वादळानंतर आमच्या पश्चिमेच्या खिडकीच्या काचांवर पांढरी साय धरली होती, बोटाने पुसून जिभेला लावली तर खारट. तीच हवा लॅपटॉपचा पंखा दिवसभर आत ओढत होता. माझं टेबलही त्याच खिडकीखाली होतं, वारा छान येतो म्हणून.

कोरडं मीठ बोर्डावर पडून राहिलं तर फारसं काही करत नाही. पाणावलं की मात्र ते वीज वाहून नेतं. जिथे विजेच्या दोन वाटा केसाएवढ्या अंतरावर आहेत तिथे तो ओलावा चोरवाट होतो, आणि वीज चालू असेल तर धातूचे कण त्या ओलाव्यातून सरकत झाडाच्या मुळीसारखी बारीक तार विणू लागतात. रॅमच्या टोकांवर सोन्याचा मुलामा असतो. सोनं गंजत नाही, पण तो थर अतिशय पातळ, त्याला सूक्ष्म छिद्रं असतात. सोन्याखाली निकेल, त्याच्याखाली तांबं. मिठातलं क्लोराइड तिथपर्यंत पोचलं की तांबं हिरवं पडतं. आठवणीतला एक अंक चुकीचा वाचला गेला, आणि तो नेमका महत्त्वाच्या जागी असला, की सगळं थांबतं.

आता सगळे प्रश्न एकेक करून सुटत गेले. सकाळीच का, तर रात्रभर बंद असलेला लॅपटॉप बाहेरच्या हवेइतकाच थंड आणि दमट होतो. चालू केल्यावर आतली हवा तापते. २७ अंशांची ९० टक्के दमट हवा ४० अंशांवर गेली की तिची आर्द्रता निम्म्याहूनही खाली येते, मीठ पुन्हा वाळतं, चोरवाट बंद होते. मेमटेस्ट रात्रभर निर्दोष का चाललं, तर मी ते दिवसभर काम केलेल्या, तापलेल्या लॅपटॉपवर लावलं होतं. हिवाळ्यात का बरा झाला, तर रात्री मतलई वारे जमिनीकडून येतात, हवा कोरडी होते. विंडोज नव्याने टाकण्याशी त्याचा काही संबंध नव्हता, डिसेंबर आपल्या वेळेवर आला होता, इतकंच.

आणि त्या दुरुस्ती केंद्रात तो अकरा दिवस शहाण्यासारखा का वागला, तेही समजलं. बंद काचांची, एसी लावलेली खोली. तिथली हवा कोरडी ठेवलेली असते. माझ्या लॅपटॉपला तिथे बिघडता येणंच शक्य नव्हतं. ते खोटं बोलले नाहीत, त्यांना दोष खरंच आढळला नाही. पण ‘आढळला नाही’ आणि ‘नाही’ यांत जेवढं अंतर आहे तेवढ्यात माझं पत्र होतं, आणि ते कुणी उघडलं नाही. त्या पत्राच्या पहिल्याच ओळीत मी लिहिलं होतं की मी समुद्राजवळ राहते. त्याचं मला आजही वाईट वाटतं. यंत्र बोलत नाही, त्याच्या वतीने वापरणारा माणूसच बोलत असतो.

मी सगळ्या फाइली बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेतल्या आणि रत्नागिरीला निघाले. एसटी भाट्येच्या पुलावर आली तेव्हा भरती होती, काजळीचं पाणी काठोकाठ. मारुती मंदिराजवळच्या एका बोळात एक तरुण मुलगा दुरुस्ती करतो, त्याचे वडील त्याच जागेत रेडिओ दुरुस्त करायचे. दुकानात एसी नाही, छताला पंखा. त्याने माझं बोलणं ऐकून घेतलं, वही मागितली, ती खरोखरच वाचली. मग मागच्या बाजूचे स्क्रू काढले, आधी बॅटरीची जोडणी सोडवली, रॅम काढली आणि दिव्याखाली धरली.

“ताई, घर खाऱ्या हवेत आहे ना?”

मी हो म्हटलं.

“मिरकरवाड्यातून बोटींचे वायरलेस, जीपीएस, मासे शोधायची मशीनं येतात माझ्याकडे. सगळ्यांचे बोर्ड असेच. बघा.”

रॅम बसते त्या खाचेच्या एका टोकाला, नखाच्या कोपऱ्याएवढ्या जागेत, पितळेच्या समईवर चढतो तसा हिरवट थर होता. बोर्डाच्या पंख्याकडच्या बाजूला पांढरट भुकटी. आठ महिने मी जे शोधत होते ते एवढंसं होतं. मी त्या हिरव्याकडे बराच वेळ बघत राहिले. त्याने मला बघू दिलं.

मी विचारलं, खोडरबराने पुसतात ना रॅम? तो म्हणाला, पुसतात, पण खोडरबर सोन्याचा मुलामा घासून नेतं, मग पुढच्या पावसाळ्यात दुप्पट गंजतं. त्याने आयसोप्रोपिल अल्कोहोल घेतलं, मऊ ब्रशने खाच एका दिशेने झाडली, पुन्हा भिजवली, पुन्हा झाडली. बोर्डावरची भुकटी तशीच काढली. प्रोसेसरवरची वाळून खडू झालेली पेस्ट खरवडून नवी लावली. मग सगळं उघडं ठेवून तासभर पंख्याखाली वाळवलं. बोर्ड बदलायला सांगणं त्याला सोपं होतं, मी तयारही होते. त्याने ६०० रुपये घेतले आणि गॅरंटी दिली नाही. “एवढा पावसाळा काढू दे, मग सांगा,” म्हणाला.

घरी येऊन मी टेबल खिडकीखालून काढून माजघरात नेलं. माजघरात वारा नाही, उजेड कमी, पण जांभ्याच्या जाड भिंती आणि शेजारी चूल. जुन्या लोकांनी धान्य, कपडे, कागदपत्रं तिथेच ठेवली त्याला कारण होतं. आमच्या मूळ घराच्या खिडक्यांना लाकडी गज होते, खुंट्याही लाकडाच्या. मी लहान असताना पुढच्या बाजूचे काढून लोखंडी बसवले. लोखंडी गज आता सालपटं निघून हातात येतात, मागच्या बाजूचे लाकडी तसेच आहेत. लहानपणी मला ते गावंढळ वाटायचे.

रात्री लॅपटॉप वडिलांच्या पत्र्याच्या पेटीत जातो, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. त्यातले निळे मणी दमट झाले की गुलाबी होतात. मग ते स्वयंपाकाच्या भांड्यात न घेता एका जुन्या पत्र्यावर चुलीच्या कडेला ठेवून वाळवायचे, परत निळे होतात. आईला हे फार आवडलं. मिठाने रंग बदलला असता तर किती बरं झालं असतं, असं ती म्हणाली.

त्या वर्षी मृग लागला तरी पाऊस लांबला. बिपरजॉय वादळ दूर समुद्रातून गुजरातकडे निघालं होतं, आमच्याकडे नुसता वारा आणि खवळलेलं पाणी. घरभर खारं झालं, दरवाजे फुगले. आईने कॅलेंडरवर तीन दिवस ओळीने ‘मीठ’ लिहिलं आणि चौथ्या दिवशी लिहायचं सोडलं, आता सप्टेंबरपर्यंत रोजचंच. मी दर सकाळी वही उघडून बसायचे. जून कोरा गेला, जुलैही कोरा. श्रावणात एका सोमवारी ७ वाजून १० मिनिटांनी कर्सर थांबला. मी हात मांडीवर ठेवून वाट पाहिली, लॅपटॉप स्वतःच पुन्हा सुरू झाला, आणि मी वेळ लिहिली. रात्री पेटीचं झाकण नीट बसलं नव्हतं, तेही लिहिलं. त्यानंतर नाही.

आता सकाळी बटण दाबायच्या आधी मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहते. आई चहाचं आधण ठेवत असते. मला बघून ती फळीवरच्या बरणीत हात घालते, चिमूटभर मीठ दोन बोटांत चोळते.

“कोरडा आसा,” म्हणते. “लाव.”